रात्री घरी बसून कार्डं भरू नकोस

ताई, "प्रशिक्षणात मन शांत ठेवायला शिकवलं, पण नोंदींचा ढीग तसाच, रात्री एक वाजेपर्यंत जागते" हे तुझं वाचलं आणि वाटलं, ही तर मीच. बीड जिल्ह्यात 21 वर्षं आरोग्यसेविका आहे. आरसीएच रजिस्टर (गरोदर माता आणि बाळांच्या नोंदींचं) कसं भरायचं ते तुला येतंच, ते सोडते.

आम्हालाही डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावलं होतं. वाईट नव्हतं, वीस मिनिटं कुणी माहिती मागितली नाही हेच लई झालं. बाहेर आलो तर वरच्या कार्यालयाचा ग्रुपवर मेसेज: रात्री 8 च्या आत प्रलंबित नोंदी पूर्ण करा. नाव घेत नाही. त्यांना रजिस्टर, ॲप आणि मासिक अहवालाचे आकडे जुळलेले हवेत. बीपी खरंच मोजलं का, हे मला आजवर एकानंही विचारलेलं नाही. 5000 लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष, माझ्याकडे साडेसात हजार.

आता माझी चूक. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघायच्या आदल्या दिवशी सहा गरोदर बाया तपासल्या. मुकादमाची घाई, म्हणून आकडे चिठ्ठीवर लिहिले आणि त्यांची तपासणीची कार्डं "सकाळी भरून देते" म्हणून ठेवून घेतली. रात्री बघते तर चिठ्ठी नाही. एकीचं वरचं बीपी 140 च्या पुढं, म्हणजे धोक्याचं होतं एवढं आठवत होतं, कुणाचं ते आठवेना. सहाही कार्डांवर 110/70, म्हणजे नॉर्मल, टाकलं. आपण सगळ्याच टाकतो, नाही म्हणू नकोस. पहाटे आशाताईच्या हाती कार्डं पाठवली.

दीड महिन्यानं कारखान्याकडच्या एका डॉक्टरांचा फोन. त्या सहांपैकी एकीला सातव्या महिन्यात झटके आले होते. "सिस्टर, हे कार्ड तुम्हीच भरलं का?" बाई वाचली, बाळही वाचलं. माझी झोप त्या दिवसापासून गेली ती वर्षभर.

म्हणून माझं मत (तुमच्याकडची पद्धत वेगळी असेल, वरिष्ठांना विचार): दंडाचा पट्टा सोडायच्या आधी आकडा कार्डावर. ॲप नंतर. मोजलं नसेल तर रकाना कोरा ठेव, बोलणी खा. चिठ्ठी नकोच, शंभरपानी वही सुतळीनं बीपीच्या पेटीलाच बांध.

आणि झोप अगदीच लागत नसेल तर टेली-मानसचा (मनाच्या त्रासासाठी सरकारी फोन) 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो. मी दोनदा केलाय, घरी सांगितलं नव्हतं.