रिझोल्यूशन कमी करावे का? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या अंकात लॅपटॉपच्या स्क्रीनबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. मेनूंची नावे विंडोज ११ मधली आहेत. विंडोज १० मध्ये काही ठिकाणी ती थोडी वेगळी दिसतील.

प्रश्न : वडिलांसाठी १५.६ इंची, १९२० × १०८० चा लॅपटॉप घेतला. अक्षरे फार बारीक दिसतात म्हटल्यावर दुकानातच रिझोल्यूशन १३६६ × ७६८ करून दिले. अक्षरे मोठी झाली खरी, पण धुरकट दिसतात आणि थोडा वेळ वाचले की वडिलांचे डोळे दुखतात. स्क्रीन बदलून मागावी का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : स्क्रीन बदलून मागू नका, तिच्यात काही दोष नाही. आधी रिझोल्यूशन पुन्हा १९२० × १०८० करा. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा आणि ‘डिस्प्ले रिझोल्यूशन’मध्ये ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले आहे तोच निवडा. मग त्याच पानावरचे ‘स्केल’ १५० टक्के करा. अक्षरे मोठी होतील आणि रेखीवही राहतील.

फरक कशाने पडतो तो पाहा. एलसीडी स्क्रीनवर पिक्सेल (चित्र घडवणारे प्रकाशाचे बारीक चौकोन) कायमचे बसवलेले असतात : तुमच्या स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८०. रिझोल्यूशन कमी केले म्हणून ते पिक्सेल मोठे होत नाहीत. संगणक १३६६ × ७६८ चे लहान चित्र तयार करतो आणि ग्राफिक्स चिप ते ताणून १९२० × १०८० वर बसवते. १९२० ला १३६६ ने भागले तर साधारण १.४ येतात, म्हणजे चित्रातल्या एका ठिपक्याच्या वाट्याला स्क्रीनवरचे १.४ पिक्सेल. पाव किंवा अर्धा पिक्सेल पेटवता येत नाही, म्हणून चिप शेजारच्या पिक्सेलला मधलाच राखाडी रंग देते. ‘त’ची उभी रेघ एके ठिकाणी एक पिक्सेल काळी नि बाजूला राखाडी, तर पुढच्या अक्षरात दोन्हीकडे राखाडी अशी उमटते. देवनागरीत हा त्रास जास्त जाणवतो, कारण आपल्याकडे एकाच अक्षराच्या वर अनुस्वार, रफार आणि खाली उकार असतो. ‘र्कं’ किंवा ‘द्धृ’ यांसारखी अक्षरे लहान आकारात आधीच दाटीने बसलेली असतात, ताणल्यावर त्यांचा नुसता डाग होतो.

त्यात भर विंडोजच्या क्लिअरटाइपची. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात आणि अक्षरांच्या कडा गुळगुळीत करताना क्लिअरटाइप त्या पट्ट्या हिशेबात धरते. चित्र ताणले की तो हिशेब चुकतो आणि काळ्या अक्षरांना तांबूस-निळसर किनार दिसू लागते. वडिलांचे डोळे दुखतात त्यामागे हे मोठे कारण आहे. डोळा ती कड पुन्हा पुन्हा फोकस करू पाहतो, पण ती मुळातच स्पष्ट नसते.

स्केल वाढवल्यावर काम वेगळ्या पद्धतीने होते. १२ पिक्सेल उंचीचे अक्षर १५० टक्क्यांना थेट १८ पिक्सेलमध्ये नव्याने रेखले जाते. रिझोल्यूशन १२८० × ७२० केले तर तेच अक्षर १२ पिक्सेलमध्ये रेखून १८ पर्यंत ताणले जाते. स्क्रीनवर मावणारा मजकूर दोन्हींत सारखाच, पण स्पष्टतेत जमीन-अस्मानाचा फरक.

१५० टक्क्यांना एक अडचण येऊ शकते. काही जुन्या प्रोग्रॅमच्या खिडक्या इतक्या उंच होतात की खालचे ‘ओके’ बटण टास्कबारच्या मागे जाते. तसे झाले तर स्केल १२५ वर आणा आणि ‘सेटिंग्ज’मधल्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’त ‘टेक्स्ट साइझ’ १२० ते १३० टक्के ठेवा. ही पट्टी फक्त अक्षरे वाढवते, २२५ टक्क्यांपर्यंत. ‘कस्टम स्केलिंग’मध्ये १३७ वगैरे मनाचे आकडे मात्र टाकू नका. तो आकडा जोडलेल्या सगळ्या स्क्रीनना लागू होतो आणि काही प्रोग्रॅमची मांडणी विस्कटते.

स्केल बदलल्यावर एकदा साइन आउट करून परत या. त्यानंतरही एखादाच प्रोग्रॅम धुरकट दिसत असेल तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करा. ‘प्रॉपर्टीज’, ‘कॉम्पॅटिबिलिटी’, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ असे जाऊन सर्वांत खालच्या चौकोनात खूण करा आणि यादीतून ‘सिस्टीम (एन्हान्स्ड)’ निवडा. सगळेच प्रोग्रॅम याने सुधारत नाहीत, पण जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर करून पाहण्यासारखे आहे.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, रॅम ८ जीबी. १९२० × १०८० ला गेम अडखळतात. १२८० × ७२० ला खेळले तर स्क्रीन खराब होईल का? आणि चित्र कमी धुरकट कसे दिसेल?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : स्क्रीनला काहीही होत नाही. पॅनेलला शेवटी १९२० × १०८० चेच चित्र मिळते, ताणण्याचे काम ग्राफिक्स चिप त्याआधीच उरकते. गेमसाठी रिझोल्यूशन उतरवणे हा योग्य उपाय आहे. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आणि १२८० × ७२० म्हणजे ९,२१,६००, म्हणजे प्रत्येक फ्रेममागे (गेमच्या एकेका चित्रामागे) चिपचे काम निम्म्याहून कमी होते.

तरीही विंडोजचे रिझोल्यूशन बदलू नका. आधी गेमच्याच सेटिंगमध्ये ‘रेंडर स्केल’ किंवा ‘रिझोल्यूशन स्केल’ शोधा. ते ७० टक्के ठेवले तर फक्त त्रिमितीय दृश्य कमी पिक्सेलमध्ये तयार होते (१३४४ × ७५६, म्हणजे जवळपास निम्मे). गुण, नकाशा, संवाद हे सहसा पूर्ण रिझोल्यूशनमध्येच राहतात आणि नीट वाचता येतात. गेममध्ये ‘एफएसआर’ (लहान दृश्य मोठे करण्याचे तंत्र) असेल तर ते याहून चांगले. त्याच्या ‘क्वालिटी’ मोडमध्ये दृश्य १२८० × ७२० मध्येच तयार होते, पण वाढवताना कडा जपल्या जातात. एफएसआर एएमडीचे असले तरी त्याच्या आवृत्ती ३ पर्यंतचे इंटेलच्या चिपवरही चालते.

यातले काहीच नसेल तर गेम ‘फुल स्क्रीन’वर टाका आणि मग १२८० × ७२० निवडा. ‘बॉर्डरलेस’ मोडमध्ये गेम डेस्कटॉपचेच रिझोल्यूशन घेतो, म्हणून तिथे तो पर्याय बऱ्याचदा फिका दिसतो.

‘इंटिजर स्केलिंग’बद्दल बरेच ऐकायला मिळते. त्यात एका ठिपक्यासाठी पूर्ण २ × २ पिक्सेल वापरले जातात, म्हणून धुरकटपणा अजिबात येत नाही. पण भागाकार पूर्ण हवा. ७२० साठी तो दीड येतो, त्यामुळे चित्र मधोमध लहान दिसते आणि भोवती काळी चौकट उरते. तुमच्या स्क्रीनवर नेमका बसणारा आकडा ९६० × ५४०, आणि तो आजच्या गेमसाठी फारच कमी आहे. ३८४० × २१६० स्क्रीनवर १९२० × १०८०, २५६० × १६०० वर १२८० × ८०० हे हिशेब मात्र बरोबर दुपटीचे येतात. असा लॅपटॉप असेल तर हा पर्याय जरूर चालू करा. तो आपोआप चालू नसतो, त्यामुळे दुप्पट भागाकार असूनही चित्र मऊ दिसते आणि लोक स्क्रीनला दोष देतात.

रिझोल्यूशन खाली आणूनही दर सेकंदाच्या फ्रेम वाढत नसतील तर अडथळा ग्राफिक्सचा नाही, प्रोसेसरचा आहे. मग आणखी खाली जाण्यात अर्थ नाही. आणि ८ जीबीची रॅम एकाच पट्टीत असेल नि दुसरा स्लॉट रिकामा असेल, तर तिथे तशीच दुसरी पट्टी बसवून घ्या. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमच वापरते. दोन पट्ट्या झाल्या की त्याला मिळणारा वेग वाढतो. आमच्या मते तुमच्यासाठी सर्वांत उपयोगी खर्च हाच.

प्रश्न : शाळेत जुन्या शैक्षणिक सीडी १०२४ × ७६८ वर चालतात. लॅपटॉप १३६६ × ७६८ चा आहे. चित्र आडवे पसरते, वर्तुळे लंबगोल दिसतात. उपाय आहे का?
— एक शिक्षिका, चंद्रपूर

उत्तर : आहे, आणि तुमच्या बाबतीत चित्र पूर्ण स्पष्टही होईल. दोन्हीकडे उंची ७६८ च आहे, फक्त रुंदी कमी पडते. चित्र न ताणता मधोमध ठेवले तर डावी-उजवीकडे १७१-१७१ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या राहतील आणि प्रत्येक ठिपका बरोबर एका पिक्सेलवर बसेल. वर्तुळ पुन्हा गोल दिसेल.

आधी डिस्प्ले सेटिंग्जमध्ये १०२४ × ७६८ निवडा, मगच इंटेलचे ग्राफिक्स पॅनेल उघडा. मूळ रिझोल्यूशनवर असताना तिथे स्केलिंगचे पर्याय बहुतेकदा दिसतच नाहीत. ‘डिस्प्ले’मध्ये ‘सेंटर इमेज’ किंवा ‘मेंटेन अ‍ॅस्पेक्ट रेशो’ निवडून ‘अप्लाय’ करा. तास संपल्यावर रिझोल्यूशन पुन्हा १३६६ × ७६८ करायचे लक्षात ठेवा. सीडी फक्त ६४० × ४८० मागत असेल तर तिच्या प्रोग्रॅमच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘कॉम्पॅटिबिलिटी’त त्यासाठी वेगळी खूण आहे. ती केली की प्रोग्रॅम बंद होताच स्क्रीन आपोआप पूर्ववत होते.

प्रश्न : प्रोजेक्टर लावला की लॅपटॉपची स्क्रीनही धुरकट होते. प्रोजेक्टरच्या खोक्यावर ‘१०८०पी सपोर्टेड’ लिहिले आहे, तरी भिंतीवर अक्षरे फुटतात.
— एक प्रशिक्षक, पुणे

उत्तर : विंडोज आणि ‘पी’ ही बटणे एकत्र दाबा. ‘डुप्लिकेट’ निवडलेले दिसेल. त्यात दोन्हीकडे एकच रिझोल्यूशन जाते, म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरच्या पातळीवर उतरतो. ‘एक्स्टेंड’ निवडा, म्हणजे दोघांना आपापले रिझोल्यूशन मिळेल आणि स्लाइडसोबतच्या टिपा फक्त तुम्हाला दिसतील.

‘सपोर्टेड’चा अर्थ एवढाच की प्रोजेक्टर १०८०पी चा सिग्नल घेतो. आतले पॅनेल ८०० × ४८० चेही असू शकते. माहितीपत्रकात ‘नेटिव्ह’ शब्दापुढचा आकडा पाहा आणि डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘२’ क्रमांकाची स्क्रीन निवडून तोच, किंवा यादीतला त्याच्या सर्वांत जवळचा आकडा ठेवा.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही : ‘कीस्टोन’. प्रोजेक्टर तिरका ठेवून कीस्टोनने चित्र चौकोनी केले, की प्रोजेक्टर आतल्या आत चित्र पुन्हा ताणतो. मग रिझोल्यूशन कितीही अचूक असो, अक्षरे मऊ होणारच. कीस्टोन शून्यावर आणा आणि प्रोजेक्टरच भिंतीसमोर सरळ, योग्य उंचीवर ठेवा.

प्रश्न : रिझोल्यूशन कमी ठेवल्याने बॅटरी जास्त चालते का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : वाचन-लेखन करताना जवळपास नाही. स्क्रीनची बहुतेक वीज मागच्या प्रकाशाला लागते आणि पिक्सेल तेवढेच राहतात. ब्राइटनेस कमी करा. स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची (सेकंदाला तितक्यांदा चित्र बदलणारी) असेल तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये ती ६० वर आणा.

प्रश्न : विंडोज नव्याने टाकल्यापासून यादीत १०२४ × ७६८ च्या वर काही दिसतच नाही. ब्राइटनेसही बदलत नाही.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : ही दोन्ही लक्षणे एकत्र दिसली म्हणजे बहुधा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ग्राफिक्स चिप चालवणारे सॉफ्टवेअर) बसलेला नाही. विंडोज आणि ‘एक्स’ दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा आणि ‘डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स’ पाहा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर’ असे नाव असेल तर निदान पक्के. आधी ‘विंडोज अपडेट’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हर आला आहे का पाहा. नसेल तर लॅपटॉपच्या तळावरचा मॉडेल क्रमांक घेऊन उत्पादकाच्याच संकेतस्थळावरून तो उतरवा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिळणारी फुकट सॉफ्टवेअर टाळा. ड्रायव्हर बसला की मशीन रीस्टार्ट करा, यादीत ‘रेकमेंडेड’ दिसेल.