हर्षद संख्या की हर्षदा संख्या?

प्रश्न नाशिकरोडच्या एका ताईंचा आहे. लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी तक्त्यावर लिहिलं, '१२३४५६७८९८७६५४३२१ ही हर्षद संख्या आहे.' आजोबांनी लगेच काना देऊन 'हर्षदा' केलं. संख्या स्त्रीलिंगी, मग विशेषण पुल्लिंगी कसं चालेल? शिवाय हर्षद नावाचे कोणी गणिती होते का, हेही ताईंना हवंय.

तसं कोणी नव्हतं. हे नाव ठेवणारे आपल्या देवळालीचे शाळामास्तर, द. रा. कापरेकर. हर्ष देणारी ती हर्षद. सुखद, वरद यांतला 'द' तोच. ढगाला म्हणतात त्या 'जलद'मधलाही तोच. पण 'जलद गाडी'तला जलद फारसीकडून आलेला, त्याचा पाण्याशी काही संबंध नाही.

स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो ती हर्षद संख्या. १८ मध्ये १ आणि ८ मिळून ९, आणि नऊ दुणे अठरा. लेकीच्या संख्येत अंकांची बेरीज ८१ भरते. एवढा मोठा भागाकार मांडायची गरजच नाही, कारण ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग. त्यात एक हा अंक नऊ वेळा, म्हणजे तिला ९ ने भाग जाणार. मग वर्गाला ८१ ने जाणारच. अशा चढत्या-उतरत्या संख्यांना कापरेकरांनी 'डेमलो' म्हटलं, तेही डोंबिवली स्टेशनच्या जुन्या नावावरून!

आता आजोबांचा काना. संस्कृतात सुटं लिहायचं तर त्यांचंच बरोबर, 'हर्षदा संख्या'. पण मराठीत आलेली अशी विशेषणं लिंगाप्रमाणे बदलत नाहीत. आपण 'दुःखद घटना', 'सुखद बातमी' म्हणतो. 'दुःखदा घटना' असं वर्तमानपत्रात वाचलंय का कधी? आणि गंमत म्हणजे समास करून जोडून लिहिलं, तर संस्कृतातही पहिलं पद पुल्लिंगी रूपच घेतं: हर्षदसंख्या. 'हर्षदा' हे मुलीचं नाव म्हणून छानच, पण इथे नको.

राहिला वाचनाचा प्रश्न. आजच्या रीतीने 'एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस'. कोटी दोनदा येतं आणि ऐकणारा गोंधळतो. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली स्थाननामं घेतली तर प्रत्येक अंकाला स्वतःचं घर मिळतं: १ मध्य, २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, मग ९ अर्बुद आणि तिथून उतरण. 'मध्य' नावाचं स्थान डावीकडे पार टोकाला, आणि खरोखर मधोमध बसलेला नऊ मात्र 'अर्बुद'. हे तक्त्यावर आजोबांनाच लिहू द्या; त्या बदल्यात काना खोडायला तयार होतील.