पोटशूळ: लीद, नाडी आणि घड्याळ

या वेळी आलेल्या पत्रांपैकी घोड्यांच्या पोटशूळाविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: आमचा बग्गीचा घोडा रात्री अकराच्या सुमारास एकाएकी पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, वळून वळून कुशीकडे पाहू लागला आणि मग लोळू लागला. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्याला बाटलीने अर्धा लिटर गोडेतेल पाजले आणि पहाटेपर्यंत फिरवत राहिलो. घोडा बरा झाला. आम्ही केले ते योग्य होते का? (नागाव, ता. अलिबाग)

उत्तर: घोडा बरा झाला याचा आनंद आहे, मात्र तो तेलामुळे नव्हे, तर तेल पाजूनही बरा झाला, असेच मला म्हणावे लागेल. घोड्याच्या जठराच्या तोंडाशी स्नायूंची पकड इतकी घट्ट असते की त्याला ओकता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या जनावराच्या मानाने ते जठरही लहानच, म्हणजे ८ ते १५ लिटरचे असते. आतडे कोठे तुंबले असेल तर वरून ओतलेले सारे जठरात साचते आणि ताण वाढतो. शिवाय वेदनेने तडफडणाऱ्या घोड्याचे तोंड वर धरून बाटली ओतली की त्यातील काही भाग श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. पोटदुखीतून सावरलेला घोडा चार दिवसांनी फुप्फुसांत गेलेल्या तेलाने दगावलेला मी पाहिला आहे, आणि त्याच्या मालकाला ते समजावून सांगणे मला फार जड गेले होते. डॉक्टरही तेल देतात, पण ते नाकातून जठरापर्यंत नळी घालून, आणि त्याआधी जठरात तुंबलेले पाणी नळीतून परत येते का हे पाहून.

फिरवण्याबद्दलही थोडे तारतम्य हवे. दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालवल्याने वायू सरकण्यास मदत होते आणि घोड्याचे लक्ष दुखण्यावरून थोडे हटते. रात्रभर फिरवल्याने मात्र तो फक्त थकतो. तो शांत पडून राहत असेल तर पडू द्यावा. जोराने लोळत असेल तर दगड, खुंट, बादल्या बाजूला करून मोकळी जागा द्यावी आणि आपण त्याच्या पायांपासून दूर राहावे, कारण अशा वेळी रोजचा ओळखीचा घोडाही लाथ मारतो.

पहिली दहा मिनिटे याहून चांगल्या कामी लावता येतात. चंदी (दाण्याचा खुराक) आणि वैरण समोरून काढावी आणि लक्षण प्रथम किती वाजता दिसले ते लिहून ठेवावे. खालच्या जबड्याच्या कडेवर आतल्या बाजूने बोटे फिरवली की दोरीसारखी धमनी लागते. तेथे नाडी मोजावी. निरोगी प्रौढ घोडा स्वस्थ उभा असताना ती मिनिटाला २८ ते ४४ असते. ती ६० च्या वर जाऊन तेथेच राहिली तर प्रकरण गंभीर समजावे. ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या फिकट गुलाबी व ओलसर हव्यात, आणि अंगठ्याने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे. दोन्ही कुशींना कान लावून ऐकावे. गुरगुर अजिबात ऐकू न येणे हे मोठ्या आवाजापेक्षा वाईट लक्षण आहे. शेवटची लीद केव्हा आणि कशी पडली हेही आठवावे. ‘घोडा लोळतोय, लवकर या’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही. हे चार-पाच तपशील फोनवर सांगितले तर ते सोबत काय आणायचे हे निघण्यापूर्वीच ठरवू शकतात.

वेदनाशामक इंजेक्शन घरात असले तरी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय टोचू नये. दुखणे झाकले जाते, आतडे मात्र तसेच राहते. डायक्लोफिनॅक तर नकोच. गिधाडांच्या जिवावर उठल्यामुळे ते २००६ पासून आपल्या देशात जनावरांसाठी बंद आहे.

प्रश्न: माझे दोन घोडे पर्यटकांना वाळूवर फिरवतात. मार्च ते मे या काळात एकाला अधूनमधून हलके पोट दुखते, लीद पातळ होते आणि दोन दिवसांत आपोआप बरे वाटते. हे उन्हामुळे होते का? (काशीद, ता. मुरूड)

उत्तर: ऊन आणि कमी पाणी यांचा वाटा आहेच, पण आपल्या वर्णनावरून मला पहिला संशय वाळूचा येतो. दिवसभर पुळणीवर उभा असलेला भुकेला घोडा पडलेली गवताची काडी, कणसाची साल, भेळेचा कागद, जे मिळेल ते हुंगत राहतो आणि प्रत्येक घासाबरोबर थोडी वाळू गिळतो. ती मोठ्या आतड्याच्या तळाशी साचते, आतून घासत राहते, त्यामुळे लीद पातळ होते आणि एखाद्या दिवशी वाटच बुजते.

परीक्षा घरी करता येते. जमिनीला न लागलेले लिदीचे पाच-सहा गोळे काचेच्या बरणीत पाणी घालून चांगले कालवावेत आणि वीस मिनिटे तसेच ठेवावेत. तळाशी चमचाभर वाळू बसली तर डॉक्टरांना दाखवावे. मात्र वाळू दिसली नाही म्हणजे पोटात ती नाहीच, असे मानू नये. डॉक्टर छातीच्या हाडामागे पोटाच्या तळाशी स्टेथोस्कोप लावतात, तेव्हा वाळू असेल तर लाट ओसरताना किनाऱ्यावर होते तशीच सळसळ ऐकू येते. आपल्याला तो आवाज ओळखायला शिकवावे लागणार नाही.

उपाय म्हणून इसबगोल उपयोगी पडते. साधारणपणे वजनाच्या दर किलोला १ ग्रॅमपर्यंत, कोरडेच चंदीत कालवून, काही दिवस देतात. नेमके प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. पण खरा उपाय भरपूर वैरण हाच आहे, कारण चोथ्याबरोबरच वाळू पुढे सरकते. कामावर नेण्यापूर्वी घोड्याचे पोट गवताने भरलेले असावे, किनाऱ्यावर तोबरा (तोंडाला अडकवायची खाण्याची पिशवी) बांधावा आणि तबेल्यात वैरण वाळूवर न टाकता गव्हाणीत घालावी. ३०० किलोच्या घोड्याला एरवी दिवसाला १५ ते १८ लिटर पाणी लागते. मेमध्ये कामावर असताना याच्या दुप्पटही लागू शकते.

प्रश्न: पावसाळ्यात काम बंद असते, तरी घोड्याला पोटशूळ होतो. खाणे तर भरपूर असते. (हर्णै, ता. दापोली)

उत्तर: काम बंद असते म्हणूनही होतो. रोज चालणारा घोडा जूनमध्ये एका जागी बांधला जातो, आतड्याची हालचाल मंदावते, आणि त्याच आठवड्यात सुक्या पेंढ्यावरून तो एकदम कोवळ्या हिरव्या गवतावर येतो. आतड्यातील सूक्ष्म जीवांना हा बदल झेपत नाही आणि पोटात वायू धरतो. बदल सात ते दहा दिवसांत थोडाथोडा करावा. कापलेल्या ओल्या गवताच्या ढिगात हात घालून पाहावा. आत ऊब लागली तर ते घोड्याला घालू नये. उडवीतील बुरशी धरलेला पेंढा बैल कदाचित पचवील, घोडा पचवणार नाही. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर तर घोडा ठेवूच नये, कारण तो चिवट असतो आणि मोठे आतडे जेथे वळून अरुंद होते तेथे त्याचा बोळा बसतो. पाऊस उघडला की अर्धा तास तरी घोडा चालवावा. जंतांचे औषध आणि दातांची तपासणीही याच दिवसांत उरकून घ्यावी.

प्रश्न: लोळल्यामुळे आतड्याला पीळ पडतो, हे खरे का? (रेवदंडा)

उत्तर: बहुतेक वेळा क्रम उलटा असतो: पीळ पडतो, म्हणून घोडा लोळतो.

प्रश्न: शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही, असे डॉक्टर केव्हा म्हणतात? आणि येथून ते शक्य आहे का? (मालवण)

उत्तर: वेदनाशामक देऊनही दुखणे तासाभरात परतले, नाडी चढतच राहिली, हिरड्या गडद लाल किंवा जांभळट झाल्या आणि नळीतून पाणी परत येत राहिले, की पीळ किंवा अडकलेले आतडे गृहीत धरावे लागते. येथे फसवणारे एक लक्षण सांगतो. तासन्‌तास तडफडणारा घोडा अचानक शांत उभा राहतो, मालकाला हायसे वाटते, पण अंगाला थंड घाम असतो आणि नाडी हाताला लागत नाही. तेव्हा जठर किंवा आतडे फुटलेले असते.

शस्त्रक्रिया मुंबई-पुण्याकडील मोजक्या ठिकाणीच होऊ शकते आणि पीळ पडलेले आतडे काही तासांतच निकामी होते. मालवणहून रात्रीचा घाट चढून जाईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून डॉक्टरांनी दयामरण सुचवले तर त्यांना सकाळपर्यंत थांबण्याचा आग्रह करू नये. ती रात्र घोड्याला काढावी लागते. पुरण्याच्या जागेविषयी ग्रामपंचायतीला आधीच विचारून ठेवावे. पुळणीत पुरू नये, भरतीची लाट वाळू उकरून काढते.