आधी सगळं मार्गी लागू दे, मग...

“ताई, प्रभूच्या मागं जायचं मनात पक्कं आहे, पण आधी घरातलं सगळं मार्गी लागू दे.” माझ्याकडे येणाऱ्या विश्वासणाऱ्यांकडून हे मी सतत ऐकते. कुणाचं कर्ज फिटायचं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न व्हायचं असतं, कुणाला तंबाखू सुटल्यावरच मंडळीपुढं उभं राहायचं असतं. ‘नाही’ कुणीच म्हणत नाही. त्यामुळंच हे दुखणं लवकर ध्यानात येत नाही.

कोल्हापुरातलेच एक गृहस्थ, चाळिशीतले. (त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर 1852 साली कोल्हापुरात आले. यांचं घराणं त्या जुन्या मिशनच्या काळापासून ख्रिस्ती. उपासना चुकत नाही, बायबल अभ्यासाला वही घेऊन बसतात. पाळकसाहेबांनी शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवायचा, वर्ग घ्याल का म्हणून विचारलं होतं. रोजच्या वाचनातही आपल्याला तेच सांगितलं जातंय, असं त्यांना वाटत होतं. तरी सगळं ‘बघू की’वर अडलेलं. प्रभूभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) रविवारी तर मागच्या बाकावरून उठून बाहेर जायचे.

कारण विचारलं तर त्यांनी बायबलच उघडलं. मत्तय 5:23-24. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी जाऊन समेट करायचा. त्यांचे थोरले बंधू मिरजेला असतात. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं बंद. “प्रभूच सांगतोय की, आधी भाऊ. तोवर मी कुठल्या तोंडानं पोरांना शिकवू?”

वचन खरं, त्यांची टोचणीही खरी. ती मला हलकी करायची नव्हती. फक्त पुढचं पंचविसावं वचन त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगितलं. वाद असलेल्या माणसाशी वाटेत असतानाच लवकर समेट कर, असं तिथं आहे. वाचून ते गप्प झाले. ज्या वचनाच्या आधारावर ते इतके दिवस थांबले होते, तेच त्यांना मिरजेला पाठवत होतं.

मग आम्ही प्रेषितांची कृत्ये, अध्याय 24 काढला. रोमी सुभेदार फेलिक्स कैदेतल्या प्रेषित पौलाचं ऐकून घाबरतो आणि सवड झाली की बोलावीन म्हणतो. बहुतेकांना एवढंच आठवतं. पण फेलिक्स त्यानंतर पौलाला वरचेवर बोलावत राहिला! पैसे मिळतील ही आशाही होती, पण ऐकणं चालूच होतं. दोन वर्षं गेली, पौल कैदेतच राहिला. वह्या भरणाऱ्या माणसाला हे झोंबतं, आणि झोंबावंच.

“एसजी आयर्नचं मेटल ट्रीटमेंट केल्यावर किती वेळ ठेवता?” मी विचारलं. (एसजी आयर्न म्हणजे वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट ओतीव लोखंड; ते मॅग्नेशियम घालणं म्हणजे ट्रीटमेंट.)

“ठेवून कसं चालंल? मॅग्नेशियमचा परिणाम उतरतो. काही मिनिटांत ओतायलाच लागतं.” मग स्वतःच म्हणाले, “दिसायला मेटल तसंच लाल असतंय बघा. पीस तपासल्यावर कळतं.”

त्यावर मी काही जोडलं नाही.

ताबडतोब निघायचं म्हणजे घर वाऱ्यावर सोडायचं, ही भीतीही होतीच. मार्कच्या पहिल्याच अध्यायात याकोब आणि योहान बापाला नावेत सोडतात, पण मजुरांबरोबर. त्याच अध्यायात प्रभू शिमोनाच्या घरी जातो आणि तापानं पडलेल्या सासूला उठवतो. उतावळेपणानं राजीनामा देऊन येणाऱ्यांना मी थांबवते. बुरूज बांधण्याआधी बसून खर्च काढावा, हे लूक 14 मध्ये आहेच. पण हा हिशेब करायला वर्षं लागत नाहीत.

“रविवारी जातो मिरजेला.” तो बुधवार होता. आज का नको, एवढंच विचारलं.

संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. दार वहिनींनी उघडलं. भाऊ बराच वेळ बोललेच नाहीत. यांनी वाटणीचा विषय काढला नाही. वडिलांच्या दफनाच्या दिवशी चारचौघांत जे बोलून गेले होते, त्याची माफी मागितली. भाऊ म्हणाले, “घराचं नंतर बघू, आधी जेव.”

घराचा वाद अजून मिटलेला नाही, कागद वकिलाकडे आहेत. पुढच्या प्रभूभोजनाला मात्र ते उठून गेले नाहीत, आणि लहान मुलांचा वर्ग आता तेच घेतात.

भावानं दारच उघडलं नसतं तर, असं मला पुष्कळजण विचारतात. रोम 12:18 सांगतं की आपल्याकडून होईल तितकं सर्वांशी शांतीनं राहावं. भावाचा वाटा भावाकडे. मिरजेहून ते तसेच परत आले असते, तरी त्याच रविवारी वर्ग सुरू करा, असंच मी त्यांना सांगितलं असतं.