देवावर भरवसा ठेवणारा शेतकरी मागे पडतो का?

तुम्ही विचारलंय की फाल्गुन-चैत्रात शेतकऱ्याच्या घरी खरिपाची काय तयारी चालते, आणि सगळं देवावर सोडणारी माणसं शेतीत मागे राहतात का. पहिल्या भागाचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसलो ते दुसऱ्यासाठी, कारण हेच माझ्या थोरल्या भावानं आमच्या अण्णांना भर पाडव्याच्या दिवशी तोंडावर ऐकवलं होतं.

आम्ही लातूर जिल्ह्यातले, औसा तालुक्यातले. कोरडवाहू जमीन. सोयाबीन, त्यात तूर, आणि विहिरीला पाणी असेल तर हरभरा. अण्णा माळकरी. चैत्री वारी त्यांनी माझ्या आठवणीत कधी चुकवली नव्हती. तोवर हरभऱ्याची रास घरात आलेली असते, नांगरट उरकून ढेकळं उन्हात तापायला पडलेली असतात, नवा सालगडी पाडव्याला कामावर आलेला असतो. नवमीला सकाळच्या एसटीनं निघायचं आणि एकादशीला पांडुरंगाच्या पायाशी, हा त्यांचा नेम.

२०२० साली पाडवा २५ मार्चला आला आणि त्याच दिवसापासून देशभर लॉकडाऊन लागला. एसटी बंद, पंढरपूरचं देऊळ बंद. इंजिनिअर असलेला भाऊ दोन दिवस आधीच पुण्याहून लेकराबाळांसह गावी आला होता. गुढी उभारली, कडुलिंब-गूळ खाल्ला. दरवर्षी मारुतीच्या पारावर पंचांग वाचलं जातं, ते त्या साली झालं नाही. अण्णा काही न बोलता ओसरीवर गोणपाटाचे तुकडे घेऊन बसले.

घरच्या सोयाबीनची उगवण बघायची होती. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या तोंडावर पाऊस बसला होता, शेंगा झाडावरच भिजल्या होत्या, त्यामुळे बियाण्याची धास्ती होतीच. अण्णांनी गोणपाट भिजवून पसरलं. दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दाण्याला दाणा न लागता. वर दुसरं ओलं गोणपाट, आणि अलगद गुंडाळी. अशा तीन गुंडाळ्या, तीन वेगवेगळ्या पोत्यांतल्या दाण्यांच्या. प्रत्येक ओळ मांडताना ओठ हलत होते. नाव घेत होते की मोजत होते, मला सांगता यायचं नाही. बहुतेक दोन्ही.

भाऊ म्हणाला, "विठ्ठलावर एवढा विश्वास आहे तर दाणे कशाला मोजता? आणि मोजायचे असतील तर वाऱ्या कशाला? देवाच्या नादानंच आपली शेती मागे राहिली."

अण्णा म्हणाले, "त्याचं त्याच्याकडं, माझं माझ्याकडं." एवढंच. गुंडाळ्या रांजणाच्या सावलीला ठेवल्या, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. आठव्या दिवशी, रामनवमीला सकाळी, म्हणजे ज्या वेळी ते एसटी स्टँडवर असायला हवे होते त्या वेळी, गुंडाळ्या सोडल्या. कुजलेले आणि वाकड्या मोडाचे दाणे बाजूला काढून चांगले मोजले. एकसष्ट, चौसष्ट, अठ्ठावन्न. सरासरी एकसष्ट.

सत्तर टक्के उगवण असली तर एकरी तीस किलो बी लागतं. कमी असली तर त्या मानानं बी वाढवायचं. अण्णांनी एकरी पस्तीस धरलं. भावानं स्वतःच्या वाट्याच्या तीन एकरांसाठी दुकानातून सीलबंद पिशव्या आणल्या. पिशवीवर उगवण छापलेली होती, त्यामुळे मोजायचा प्रश्नच त्याला पडला नाही.

जूनमध्ये दोघांची पेरणी एकाच आठवड्यात झाली. आमच्या रानात तासं, म्हणजे पेरलेल्या ओळी, रोपांनी भरली. त्याच्या रानात चार पावलांवर एक रोप. त्या साली मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग लागला होता, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं होतं. भावाला दुबार पेरणी करावी लागली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. शेतकऱ्याला मागे ठेवते ती न मोजण्याची सवय, आणि ती माळकऱ्यातही असते, इंजिनिअरमध्येही असते. भाऊ त्या छापील आकड्यावर जितका डोळे मिटून विसंबला, तितके अण्णा पांडुरंगावरही कधी विसंबले नाहीत. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवालाच त्यांच्याकडे यावं लागलं असं आपण मानतो. आषाढीनंतर पंढरपुराहून पालखी अरणला जाते ती त्याच आठवणीनं. हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तरी वारकऱ्याला आळशी म्हणू नये.

आता न्यायानं बोलायचं तर, बियाण्याला त्याच ऑक्टोबरच्या पावसाची बाधा झाली होती, आमच्याही आणि बाजारातल्याही. पिशवीचं बी नेहमी वाईटच असतं असं माझं म्हणणं नाही. आम्हीही दर तीन वर्षांनी नवं प्रमाणित बी आणतो. फक्त तेही गोणपाटात घालून बघा, आणि टॅग, पावती, मूठभर बी जपून ठेवा, म्हणजे उगवलं नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. चैत्रातली चाचणी पेरणीपर्यंत पुरत नाही, मे महिन्याच्या उन्हात उगवण घटते, म्हणून पेरणीआधी पुन्हा एकदा बघावं. आणि पोती आपटू नका, सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं. पंचांगात पाऊस काहीही लिहिलेला असो, पंच्याहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय तिफण काढू नका.

अण्णांनी भावाला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. मला मात्र राहवत नाही, म्हणून इथं लिहिलं. भाऊ हल्ली चैत्रात पुण्याहून फोन करतो. आधी विचारतो, "अण्णा पंढरपूरला निघाले का?" आणि मग, "या वेळी किती आले?"