थंडीआधी गिझर उघडून पाहा

दिवाळीनंतर गिझर आणि सोलरविषयीची पत्रे वाढतात. त्यांतली चार या वेळी घेतली आहेत.

आमचा २५ लिटरचा गिझर सहा वर्षांचा आहे. पाणी बोअरचे. उन्हाळ्यात अर्ध्या तासात तापणाऱ्या पाण्याला आता पन्नास मिनिटे लागतात, आतून चुरचुर आवाजही येतो. मेकॅनिक म्हणतो, कॉइलवर क्षार बसलाय, बदला. बदलू का? (वाचक, चाकण)

क्षार बसला असेलच, पण उशीर त्याच्यामुळे होत नाही. कॉइल पाण्यातच बुडालेली असते. तिच्यावर थर बसला तरी तिची उष्णता पाण्यातच जाणार, दुसरीकडे कुठे जाईल? हिशेब असा : २ किलोवॉटची कॉइल २५ लिटर पाणी २८ अंशांवरून ६० वर न्यायला २८ मिनिटे घेते. थंडीत टाकीतले पाणीच १६ अंशांवर असले तर ३८ मिनिटे लागतात. म्हणजे दहा मिनिटे नुसत्या गारठ्याची. उरलेली बारा बहुधा व्होल्टेजची. सकाळी सहाला सगळ्या सोसायटीचे गिझर एकदम लागतात. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले की कॉइलची ताकद दीड किलोवॉटवर येते आणि ३८ ची ५० मिनिटे होतात. गिझर चालू ठेवून इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटपाशी व्होल्टेज मोजून घ्या. मीटरपाशी ठीक आणि सॉकेटपाशी कमी असेल तर जोड सैल आहे किंवा वायर बारीक आहे. हा गिझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट आणि किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. प्लगची पिन तपकिरी पडली असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला, एकटा प्लग बदलून काही होत नाही.

आवाज मात्र क्षाराचाच. थराखाली अडकलेले पाणी तिथल्या तिथे उकळते, त्याची ती चुरचुर. आत कॉइल प्रमाणाबाहेर तापते, एक दिवस तिचे कवच तडकते आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडू लागतो. म्हणून बदलण्याआधी साफ करा. एमसीबी बंद, प्लग बाहेर, येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. गिझर निवल्यावर गरम नळ उघडा आणि टाकी रिकामी करा. थर्मोस्टॅट काढून फ्लँजचे (कॉइल ज्यावर बसवलेली असते त्या चकतीचे) बोल्ट सोडवले की कॉइल बाहेर येते. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व या प्रमाणात प्लॅस्टिकच्या बादलीत मिश्रण करा आणि कॉइल त्यात दोन-तीन तास ठेवा. वायरीची टोके वर, कोरडी राहू द्या. सुरीने खरवडू नका, फरशीचे ॲसिड तर नकोच, ते धातू खाते. (तांब्याचा बंब चिंचेने घासणाऱ्या आजीला हे ठाऊक होते.) सोबतचा मॅग्नेशियमचा ॲनोड रॉडही पाहा. टाकीऐवजी तो झिजावा म्हणूनच तो बसवलेला असतो. निम्म्याहून बारीक झाला किंवा आतली तार दिसू लागली की नवा घाला. बोअरच्या पाण्यात ही तपासणी दरवर्षी करा. गास्केट नवेच लावा. आधी पाणी भरा, गरम नळाची धार न फुरफुरता सलग येऊ द्या, मगच बटण दाबा. रिकाम्या गिझरात कॉइल काही मिनिटांत जळते.

गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडतात. बूच लावले तर चालेल का? (वाचक, सांगली)

अजिबात नाही. २५ लिटर पाणी तापताना सुमारे ४०० मिलिलिटरने फुगते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने सोडणारा) त्याला मागे जाऊ देत नाही. ते इथूनच बाहेर पडायचे. गिझर बंद असतानाही थेंब थांबत नसतील तर व्हॉल्व्हच्या बैठकीत खडा अडकलाय किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे.

आमच्या चार मजली इमारतीत सोलर आहे. हल्ली पाच-सहा बादल्या थंड पाणी गेल्यावर कोमट येते. (वाचक, नाशिक)

संध्याकाळी पाच वाजता, कोणी पाणी वापरण्याआधी, गच्चीवर सोलर टाकीच्या नळाचे पाणी मोजा. ५५ अंश किंवा जास्त भरले तर सोलर निर्दोष आहे. पाऊण इंची २० मीटर पाइपात सहा-साडेसहा लिटर पाणी मावते, म्हणजे अर्धी बादली थंड येणे साहजिक. पाच बादल्या येतात तेव्हा कुठेतरी थंड पाणी गरम लाइनीत शिरते आहे. गुन्हेगार बहुतेकदा हँड शॉवरवाला मिक्सर असतो : दोन्ही नॉब उघडे, पाणी फक्त शॉवरच्या बटणाने बंद. थंड लाइनीचा दाब जास्त असला की पाणी त्यातून आडवे जाते. सोलर टाकीची भरणी चालू ठेवून एकेका फ्लॅटचा थंड व्हॉल्व्ह बंद करत चला. ज्या घराशी गरम पाणी सुरू होईल तिथे दोष. मग प्रत्येक फ्लॅटच्या गरम लाइनीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

टाकीतच पाणी थंड असेल तर सावली पाहा. नाशिकला डिसेंबरअखेर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४६-४७ अंश वर असतो. दक्षिणेची तीन मीटर उंच टाकी तेव्हा उत्तरेकडे पावणेतीन-तीन मीटर सावली टाकते, मे महिन्यात ती जाणवतही नाही. सोलरच्या पाणी तापवणाऱ्या काचनळ्यांचे चंदेरी टोक पांढरे पडले असेल तर त्या नळीतली निर्वात पोकळी गेली, नळी बदला. कोरड्या तापलेल्या नळ्यांत दुपारी पाणी सोडू नका, तडकतात. सूर्योदयापूर्वी भरा.

बाथरूममध्ये गॅस गिझर आहे, एक्झॉस्ट फॅनही आहे. पुरेसे ना? (वाचक, कोल्हापूर)

नाही. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवणारा गिझर घरच्या शेगडीच्या पाच-सहा बर्नरइतका गॅस जाळतो. थंडीत दार-खिडकी घट्ट लावली की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, डोके दुखून गरगरेपर्यंत कळत नाही. फॅनच्या भरवशावर राहू नका. गिझर उघड्या बाल्कनीत हलवा, आत फक्त पाण्याचा पाइप आणा. तो हलेपर्यंत वापरू नका.