क्रोन्समुळे (आतड्याला वारंवार सूज आणणारा दीर्घकाळचा आजार) लहान आतड्याचा शेवटचा भाग अरुंद झालाय, डॉक्टर ऑपरेशन सुचवतात. करावं का?

माझ्या धाकट्या भावाचं झालंय, म्हणून कळकळीने लिहिते. आधी डॉक्टरांना विचारा: अरुंदपणा सुजेमुळे आहे की जुन्या व्रणाच्या कडक पेशींमुळे? सूज औषधांनी उतरू शकते, कडक झालेला भाग औषधाने मोकळा होत नाही. एमआर एन्टेरोग्राफीतून (लहान आतड्याचा एमआरआय) याचा बराच अंदाज येतो. आपल्याकडे आतड्याचा टीबी अगदी असाच दिसतो, तो नाही ना हेही पक्कं करा.

ऑपरेशन म्हणजे हार नव्हे. आजार तेवढ्याच छोट्या भागात आणि मुख्यतः सुजेचा असेल, तर दुर्बिणीतून तो भाग काढणं इन्फ्लिक्सिमॅब या सूज कमी करणाऱ्या औषधाच्या तोडीचं ठरतं, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत दिसलं. पण आजार मुळापासून जात नाही. आतडं जिथे पुन्हा जोडतात तिथे तो परत येऊ शकतो, म्हणून ऑपरेशननंतर सहा ते बारा महिन्यांत कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची आतून तपासणी) हवीच. सिगारेट असेल तर आजच सोडा. बी१२ जीवनसत्त्व आतड्याच्या याच भागात शोषलं जातं, म्हणून तेही तपासत राहा.

मुंबईत दुसरं मत घेणं अवघड नाही. परळचं केईएम रुग्णालय आहेच. मात्र पोट फुगून उलट्या होत असतील, गॅस-शौच बंद असेल, तर मतं गोळा करत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.